कोल्हापूरचा न्यू पॅलेस एका दिवसात: ठाणे-नवी मुंबईहून बेत कसा आखावा?

खारघर_उत्सवचौक

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला न्यू पॅलेसमधलं शहाजी छत्रपती म्युझियम पाहायला जायचं आहे. आम्ही पाच जण. सासू-सासरे दोघंही सत्तरीच्या पुढचे. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, सपाटीवर चालतात, जिने जमत नाहीत. मुलगी आठवीत, तिला शाळेत राजर्षी शाहू महाराजांवर प्रकल्प करायचा आहे. सासूबाईंना अंबाबाईचं दर्शन हवंच.

१५ ऑगस्टच्या सुट्टीला जोडून जायचा विचार आहे. हॉटेलची रात्र टाळता आली तर बरं. गाडीनं जावं की रेल्वेनं? पनवेलहून थेट ट्रेन आहे का? पॅलेसला किती वेळ धरायचा, आत नेमकं काय पाहण्यासारखं आहे आणि वयस्कर माणसांना कितपत झेपेल? "दोन तासात कोल्हापूर" छापाचे व्हिडिओ पाहून झाले, त्यातून काहीच हाती लागत नाही.

---

नौपाडा_जुनी_चाळ

आधी प्रवासाचं. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस घ्या. ती कल्याण-कर्जत-लोणावळा मार्गे जाते, पनवेलला येत नाही. त्यामुळे नवी मुंबईकरांनी ठाण्यालाच चढायचं. गाडी ठाण्याला रात्री नऊच्या आसपास येते आणि सकाळी सातनंतर कोल्हापूरला पोचते. परतीची गाडी कोल्हापूरहून रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ठाण्याला सोडते. म्हणजे दोन रात्री गाडीत आणि मधला अख्खा दिवस हातात. नेमके मिनिटवार टायमिंग तिकीट काढताना बघा, वेळापत्रक बदललं की पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात.

खारघरहून ट्रान्स हार्बर लोकलनं ठाण्याला या, पण अर्धा-पाऊण तास हातात ठेवून. लोकल ९-१० नंबरच्या फलाटावर लागते आणि मेल गाड्या मुख्य मार्गाच्या फलाटावर, मध्ये पूल ओलांडावा लागतो. रात्री साडेआठला त्या पुलावर काय गर्दी असते ते इथं कुणाला सांगायला नको. सासऱ्यांसाठी सरकता जिना किंवा लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते आधी हेरून ठेवा. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, म्हणून डब्याचा नंबर इंडिकेटरवर बघून आधीच त्या जागी उभं राहायचं. सामानासकट डबे शोधत पळायची वेळ येते ती इथंच. हे झेपणार नाही असं वाटलं तर थेट कल्याण गाठून तिथून चढा.

तिकिटाची एक गोम. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा पुरुषांना ६० पासून आणि बायकांना ४५ पासून मिळतो, पण त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तरच. पाचही नावं एका तिकिटावर घातली की तो कोटा लागतच नाही आणि आजोबांच्या वाट्याला मधला बर्थ येतो. सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा, तुम्हा तिघांचं वेगळं. डबा वेगळा आला तरी चालेल, खालचा बर्थ महत्त्वाचा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीला जोडून आलेल्या शनिवारची जागा पहिल्या एक-दोन दिवसांतच जाते. तत्काळच्या भरवशावर पाच जणांचा बेत आखू नका.

---

पारसिक_टेकडी

म्युझियमबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण तिथे चुकीच्या अपेक्षेनं जातात.

पहिलं म्हणजे हा रिकामा पडलेला वाडा नाही. तळमजल्यावर म्युझियम आहे आणि वर छत्रपती घराण्याचं निवासस्थान आहे. त्यामुळे जिना चढायचा प्रश्नच येत नाही, सासऱ्यांना सोयीचं. जोत्याच्या पायऱ्या आणि दालनांचे उंबरे तेवढे सांभाळा. आत उभं राहूनच पाहावं लागतं, म्हणून घडीची छोटी खुर्ची किंवा आधाराची काठी असू द्या. दालनांना दीड तास आणि आवाराला अर्धा तास धरा. आवारात तळं आहे, हरणं वगैरे प्राणी ठेवलेले आहेत, मोठी झाडं आहेत. दमलेल्या माणसाला तिथे बसवून बाकीच्यांनी आत जाता येतं.

आत फोटो काढायला मनाई आहे. फोन खिशातच ठेवा, हातात धरून फिरलात तरी पहारेकरी हटकतात. ते त्यांचं कामच आहे, वाद घालू नका. मुलीला प्रकल्पासाठी टिपणं हवी असतील तर वही-पेन्सिल द्या. बाहेरून फोटो भरपूर काढा, पण इमारत काळ्या दगडाची आहे. फोनचा कॅमेरा काळा दगड उजळ करायला जातो आणि मागचं आभाळ पांढरंफटक पडतं. स्क्रीनवर आभाळाच्या बाजूला बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढलात तर दगडाचं कोरीव काम आणि ढग दोन्ही येतात.

आत शिरण्याआधी समोर लांब उभं राहून दहा मिनिटं इमारत बघा. १८७७ ते १८८४ या काळात ती बांधली गेली. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यावर घड्याळ. खांब, कमानी, छत्र्या गुजरात-राजस्थानातल्या देवळांच्या आणि राजवाड्यांच्या वळणाच्या, घुमट मुसलमानी धाटणीचे, आणि आतली मांडणी मात्र पक्की व्हिक्टोरियन. कोल्हापुरातला टाऊन हॉल आणि आताच्या सीपीआर हॉस्पिटलची जुनी इमारतही मँटच्याच. तीनही एका दिवशी बघितल्या तर त्याचा हात ओळखू येतो. मँट १८८१ सालीच वारला, म्हणजे हा राजवाडा त्याच्या माघारी पुरा झाला. आपली इमारत कोसळणार या भीतीनं त्याचं डोकं फिरलं अशी एक कथा सांगतात, ती वडोदऱ्याच्या राजवाड्याबद्दलची आहे. कुणी न्यू पॅलेससमोर ऐकवली तर ऐकून सोडून द्या.

आतल्या वस्तू ढोबळमानानं दोन प्रकारच्या. एक राजघराण्याचा थाट: पोशाख, दागिने, भरतकाम, खेळ, हत्तीवरच्या चांदीच्या अंबाऱ्या, तलवारी-बंदुका, व्हाइसरॉय-गव्हर्नर जनरलांची पत्रं. औरंगजेबाची म्हणून दाखवली जाणारी तलवार इथेच आहे. दुसरा प्रकार शिकारीचा, आणि तो अंगावर येतो. वाघ, सिंह, काळा बिबट्या, अस्वलं, रानम्हैस, रानकुत्री, रानडुकरं, हरणं, सगळी पेंढा भरलेली. त्याहून चमत्कारिक म्हणजे त्यांच्या अवयवांपासून केलेल्या वापरायच्या वस्तू. बिबट्याच्या मणक्यांच्या हातकाठ्या, वाघाच्या कवटीची सिगारेटची राख झाडायची रक्षापात्रं. मुलं यानं खूश तरी होतात नाहीतर हबकतात, मधलं काही नाही. हळव्या पोराला आधी कल्पना देऊन ठेवा.

उघड्यावर असलेल्या कुठल्याही पेंढा भरलेल्या प्राण्याला मुलांना हात लावू देऊ नका. "म्युझियममध्ये हात लावायचा नसतो" एवढंच कारण नाही. त्या काळी कातडी टिकवण्यासाठी आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, साबण चोळायची सर्रास पद्धत होती आणि तो अंश शंभर वर्षांनीही जात नाही. चुकून हात लागलाच तर काही खाण्याआधी साबणानं धुवा.

दरबार हॉल हा या वास्तूचा गाभा. उंची दोन मजल्यांची, वर लोखंडी आधारांवर तोललेला सज्जा, एका टोकाला उंचावर सिंहासन. दोन्ही बाजूंच्या महिरपी कमानींत रंगीत काचा आहेत आणि त्यांवर शिवचरित्रातले प्रसंग चितारलेले आहेत. लोक तलवारी आणि वाघांपुढे वेळ घालवतात आणि इथे पोचेपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात, मग दोन मिनिटांत बाहेर. उलट करा. आधीची दालनं जरा चालत्या पावलांनी पाहा आणि इथे वीस मिनिटं राखून ठेवा. काचा एका टोकापासून क्रमानं वाचत जा, मुलीला प्रसंग ओळखायला लावा. उन्हं असतील तेव्हा या काचा बोलतात. ढगाळ दिवशी निम्मी मजा जाते, त्यामुळे ऑगस्ट हा महिना मला पटत नाही.

नावाचा घोळ बऱ्याच जणांचा होतो, म्हणून सांगतो. म्युझियम *शहाजी* छत्रपतींच्या नावानं आहे, शाहूंच्या नाही. हे शहाजी महाराज मूळचे देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या शाखेचे, राजे, १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते त्यांच्याच काळात. आतल्या वस्तूंत बऱ्याच पिढ्यांची सरमिसळ आहे. प्रत्येक बंदूक आणि प्रत्येक वाघ शाहू महाराजांच्या खात्यावर टाकू नका. शिकारीचा नाद शाहू महाराजांना होता हे खरंच, पाळलेल्या चित्त्यांकडून शिकार करण्यासाठी कोल्हापूर प्रसिद्ध होतं आणि चित्ते सांभाळणाऱ्या चित्तेवानांना दरबारचा आश्रय होता.

---

कोर्टनाका_वाचक

मुलीच्या प्रकल्पासाठी न्यू पॅलेस पुरणार नाही. शाहू महाराजांचं काम तिथे काचेच्या कपाटात नाही, ते गावभर पसरलेलं आहे. प्रकल्प "पॅलेसमध्ये काय पाहिलं" असा केला तर वाघांची यादी होईल. तिला तीन धागे द्या.

पहिला धागा राजवाड्याच्या सालांचा. तो बांधला जात होता तेव्हा गादीवर शाहू महाराज नव्हते, चौथे शिवाजी महाराज होते. बांधकाम सुरू झालं तेव्हा ते अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालला होता. पुढे त्यांना वेडं ठरवण्यात आलं, त्यांच्या हालांबद्दल 'केसरी' आणि 'मराठा'त लिहून आलं, दिवाण माधवराव बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हे महाराज १८८३ च्या डिसेंबरात नगरच्या किल्ल्यात वारले. १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले, तेच शाहू महाराज. राजवाडा पुरा झाला तो त्याच वर्षी. शाळेच्या पुस्तकात टिळक एका धड्यात आणि शाहू दुसऱ्या धड्यात असतात, इथे दोघं एका इमारतीभोवती येतात.

दुसरा धागा म्युझियममधल्या एकाच वस्तूचा. चांदीचं फावडं शोधायला सांगा. १८८८ मध्ये कोल्हापूर स्टेट रेल्वेची पहिली कुदळ मारली गेली, त्या समारंभातलं ते फावडं आहे. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, म्हणजे तेव्हा ते चौदाव्या वर्षात होते, जवळपास तुमच्या मुलीच्याच वयाचे. अधिकारसूत्रं हातात आली ती थेट २ एप्रिल १८९४ ला. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो मीटरगेज होता. तुमची महालक्ष्मी पहाटे मिरजेहून पुढे धावते ती त्याच मार्गानं, आता ब्रॉडगेजवर. ज्या स्टेशनात उतराल त्याचं नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. प्रकल्पाची सुरुवात इथून केली तर शिक्षकांना काहीतरी वेगळं वाचायला मिळेल.

तिसरा धागा कसबा बावड्याच्या बाजूचं शाहू जन्मस्थळ. लक्ष्मी विलास पॅलेस म्हणतात त्याला. न्यू पॅलेसपासून रिक्षानं थोडंच अंतर. जागा शांत, गर्दी कमी. पाऊण तास पुरे. तिथे बसून मुलीला सालं जुळवायला लावा: २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवणारा जाहीरनामा, १९०६ ची शाहू मिल, १९०९ मध्ये सुरू झालेलं राधानगरी धरणाचं काम, १९१२ चं खासबाग कुस्ती मैदान, १९१७ चा सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम, मार्च १९२० ची माणगाव परिषद, जिथे त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व जाहीरपणे मान्य केलं. यातलं खासबाग मैदान अंबाबाईच्या देवळापासून जवळ आहे, येता-जाता दाखवा.

एक सावधगिरी. मॅपवर नुसतं "लक्ष्मी विलास पॅलेस" टाकलंत तर वडोदरा दाखवतं. "शाहू जन्मस्थळ, कसबा बावडा" असं टाका. रिक्षावाल्यालाही "जन्मस्थळ" म्हटलं की कळतं.

---

खारघर_उत्सवचौक

सगळ्यांचे आभार, खूपच उपयोगी. दोन शंका उरल्या. मिस्टरांचं म्हणणं गाडीनंच जाऊ, सासऱ्यांना पाय पसरून बसता येईल आणि तिथे फिरायलाही बरं. आणि दर्शन आधी की पॅलेस आधी? सासूबाई म्हणतात देवीला भेटल्याशिवाय राजवाडा नाही.

---

सीवूड्स_सुकाणू

गाडीबद्दल. खारघर ते कोल्हापूर साधारण साडेतीनशे किलोमीटर. कळंबोलीहून एक्सप्रेसवे, मग देहूरोड-कात्रज बायपास, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाका, किणी. पुण्याच्या पुढे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. नुसतं गाडी चालवणं सात तासांच्या खाली येत नाही, आणि ज्येष्ठांसाठी दर दीड-दोन तासांनी थांबलात तर नऊ धरा. सुट्टीच्या शनिवारी बोरघाट आणि पुणे बायपास मिळून यात दोन तासांची भर घालतात. साताऱ्याच्या पुढे महामार्ग रुंदीकरणामुळे वळणरस्ते लागतात, रात्री ते पटकन दिसत नाहीत. गुडघ्याच्या माणसाला नऊ तास बसवण्यापेक्षा खालचा बर्थ कधीही बरा. आणि ज्याच्या हाती स्टीअरिंग त्याला दुसऱ्या दिवशी म्युझियम दिसतच नाही, तो झोपेतच फिरतो.

गाडीनंच गेलात तर राजवाड्यासाठी गावात शिरू नका. बहुतेक जण तावडे हॉटेलच्या चौकातून आत वळतात आणि स्टेशनच्या गर्दीत अडकतात. त्याआधीच शिये फाट्याहून कसबा बावड्याचा रस्ता धरला की आधी बावडा आणि मग न्यू पॅलेस लागतो. हा रस्ता पावसाळ्यात मात्र जपून.

आता तारखेचं. १५ ऑगस्टचा हट्ट सोडा. पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. दरवर्षी तसं होत नाही, पण जुलै-ऑगस्टात त्या आकड्यांवर नजर ठेवल्याशिवाय ठाणे-नवी मुंबईतून कुणी निघू नये. पातळी ३५-३६ च्या पुढे चढत असेल आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी असेल, तर तिकीट रद्द करा. धरणाचं पाणी खाली यायला काही तास लागतात, तेवढ्यात चित्र बदलतं.

---

नौपाडा_जुनी_चाळ

तारखेत अजून भर. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. तेव्हा गेलात तर म्युझियम उघडताच आत शिरा, अकरा ते एक या वेळात बसगाड्यांनी आवार भरलेलं असतं. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात ते, संध्याकाळी देवळाभोवती मुंगीला वाट नसते. नवरात्र तर सोडाच. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम: ऊन आहे, उकाडा नाही, दरबार हॉलच्या काचाही उजळलेल्या. सोमवार धरू नका, टाऊन हॉल म्युझियम सोमवारी बंद असतं. न्यू पॅलेस आणि जन्मस्थळ दोन्हीच्या वेळा आणि सुट्टी निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. घराण्याच्या किंवा सरकारी कार्यक्रमाच्या दिवशी वेळ बदलू शकते आणि मॅपवर ते कळत नाही.

---

पारसिक_टेकडी

दर्शन आधी की राजवाडा आधी, यावर माझं मत राजवाडा आधी. म्युझियम संध्याकाळी बंद होतं, देऊळ रात्रीपर्यंत उघडं असतं. रांगेचा भरवसा नसतो. दर्शनात तीन तास गेले तर म्युझियम हातचं जातं.

---

चेंदणी_कोळीवाडा

इथे असहमत. रात्री नऊच्या गाडीनं परतायचं आहे हे विसरू नका. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता रांगेत उभं राहिलात तर आठ वाजेपर्यंत जीव टांगणीला. रांग कुठेतरी लागणारच असेल तर ती सकाळी लागलेली बरी. त्यातून सासूबाईंचं ऐकायचं असतंच.

पाच जणांसाठी मी दिवस असा लावेन. सकाळी उतरलात की स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या मध्ये, शाहूपुरीत, दिवसापुरती एक खोली घ्या. आंघोळी उरका, सामान तिथेच ठेवा, दुपारी सासऱ्यांना आडवं व्हायला जागा होते. लिफ्ट आहे का हे खोली ठरवताना विचारा, जुन्या लॉजना बहुतेक नसते. सव्वाआठपर्यंत रिक्षानं देवळाकडे. देवळालगत वाहनं नेता येत नाहीत, बिंदू चौकाच्या किंवा भवानी मंडपाच्या बाजूनं थोडं चालावंच लागतं. सासऱ्यांसाठी घडीची चाकांची खुर्ची नेणार असाल तर ती इथे कामी येईल, पॅलेसपेक्षा जास्त. रांग लांबलचक दिसली तर मुखदर्शनाच्या रांगेत लागा, गाभाऱ्यापर्यंत जात नाही पण देवी दिसते आणि वेळ वाचतो. मंगळवार-शुक्रवार टाळा, ते देवीचे वार. साडेनऊचा काटा ठरवून ठेवा. तोवर दर्शन झालं नाही तर मुखदर्शन घेऊन बाहेर.

देवळाला लागूनच भवानी मंडप, म्हणजे जुना राजवाडा. "न्यू" पॅलेस नवा का, ते इथे कळतं. भव्य नगारखाना, आत तुळजाभवानीचं देऊळ. कोल्हापूरच्या छत्रपतींची राजधानी आधी पन्हाळ्यावर होती, अठराव्या शतकाच्या अखेरीस ती खाली आली आणि दरबार इथे भरायला लागला. पंधरा मिनिटांत पाहून होतं. मग मिसळ. इथे सोबत पावाऐवजी बहुधा स्लाइस ब्रेड येतो, ठाण्याच्या मिसळीची सवय असलेल्यांनी नाक मुरडू नये. कट वेगळा मागा, ज्येष्ठांना दिवसभर फिरायचं आहे.

साडेदहापर्यंत न्यू पॅलेस. साडेबारा-एकला बाहेर, लगेच जन्मस्थळ, कारण ते त्याच बाजूला आहे. परत गावात येऊन पुन्हा बावड्याला जायचा फेरा लोक उगाच मारतात. दोनला जेवण, मग खोलीवर तास-दीड तास आडवं. चारला टाऊन हॉल म्युझियम: कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीवरच्या १९४५-४६ च्या उत्खननातल्या वस्तू आहेत, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती. समुद्रापासून इतक्या आत ती कशी आली हा प्रश्न मुलीला विचारा, रोमन व्यापारावर आणखी एक पान निघेल. इमारत मँटचीच, वर पारसिककरांनी सांगितलंय. बाहेर बागेत तोफा आणि दगडी मूर्ती आहेत, तिथे बसता येतं. पाचनंतर रंकाळा तलाव. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस दिसेल, १९३१ ते १९३४ मधला. तो लांबूनच पाहायचा, आत जायच्या आशेनं रिक्षा करू नका. साडेसातला जेवण, सव्वाआठला स्टेशन.

---

पारसिक_टेकडी

सकाळचा काटा पाळणार असाल तर हे चालेल, माझी हरकत मागे. फक्त पॅलेसला साडेदहाच्या पुढे जाऊ देऊ नका.

रिक्षाचं एक ठरवून टाका. पाच जण एका रिक्षात बसत नाहीत आणि दर वेळी दोन-दोन रिक्षा शोधणं कटकटीचं. साडेनऊ ते दोन एवढ्या पट्ट्यासाठी एकच मोठी गाडी थांबवून घ्या, थांबण्याच्या वेळेसकट भाडं आधी बोलून. न्यू पॅलेस मुख्य रस्त्यावर आहे, पण फाटकापासून इमारतीपर्यंत आवार बरंच आत जातं. गाडी आत कुठवर सोडतात ते फाटकावर विचारा आणि ज्येष्ठ सोबत आहेत हे सांगा.

---

कोर्टनाका_वाचक

एक राहिलंच होतं. म्युझियममध्ये "शिवाजी महाराजांची भवानी तलवार कुठे आहे" असं पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतं. ती इथे नाही. लंडनला राजघराण्याच्या संग्रहात शिवछत्रपतींची म्हणून जी तलवार सांगतात ती कोल्हापूरहूनच गेली, १८७५-७६ च्या भारतदौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला चौथ्या शिवाजी महाराजांकरवी भेट दिली गेली. महाराज तेव्हा बारा वर्षांचे. भेट कुणाच्या सल्ल्यानं दिली गेली असेल हे मुलीला स्वतः ठरवू दे, वर लिहिलेला पहिला धागा तिथेच येऊन मिळतो.

---

खारघर_उत्सवचौक

१५ ऑगस्ट रद्द. नोव्हेंबरचा तिसरा शनिवार धरलाय, शुक्रवारी रात्री ठाण्याहून. सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढणार. घडीची चाकांची खुर्ची ट्रेनमध्ये कुठे ठेवायची?

---

नौपाडा_जुनी_चाळ

खालच्या बर्थखाली आडवी सरकवा, पाय ठेवायच्या पट्ट्या आधी काढून. चाकं मोठी असतील तर मावणार नाही, म्हणून सहायकानं ढकलायची छोट्या चाकांची खुर्ची घ्या. ठाण्यात वैद्यकीय साहित्य भाड्यानं देणाऱ्या दुकानांत दिवसाच्या भाड्यानं मिळते, अनामत ठेवावी लागते. नेण्याआधी ब्रेक आणि पुढची चाकं दुकानातच फिरवून बघा, भाड्याच्या खुर्चीचं पहिलं तेच बिघडलेलं असतं.